फझचा गोंगाट आणि मिरजेची जवारी

गिटारवाल्यांचं एक जुनं दुखणं आहे. फझ पेडल लावून एकच तार छेडली, तर आवाज दाट, भरदार आणि लांबपर्यंत टिकणारा येतो. त्याच पेडलवर तीन-चार तारांची कॉर्ड वाजवली की सगळ्याचा चिखल होतो. कुठला स्वर कुठे आहे तेच कळत नाही. गेन कमी केला तर फझची मजा जाते, वाढवला तर स्वर हरवतात. कोल्हापुरात बँड जमवणारी मुलं असोत की परदेशातले नावाजलेले वादक, भरपूर गेन असूनही प्रत्येक स्वर वेगळा ऐकवणारं पेडल सगळेच शोधत असतात.

मला याचं नवल वाटतं, कारण कोल्हापूरपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, नेमक्या याच प्रश्नाचं उत्तर पिढ्यान् पिढ्या हाताने घडवलं जातंय. तिथे वीज लागत नाही, ट्रान्झिस्टर लागत नाही. लागते एक घोडी, एक कानस, बोटभर सूत आणि फार तयार झालेला कान.

आधी फझ म्हणजे काय ते बघू, कारण त्याचा जन्मच एका बिघाडातून झालाय. 1960 साली अमेरिकेत नॅशव्हिल इथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. ग्रेडी मार्टिन हा वादक सहा तारांची बास गिटार वाजवत होता आणि मिक्सिंग कन्सोलची एक वाहिनी नेमकी तेव्हाच नादुरुस्त झाली. बासचा आवाज फाटून, गुरगुरत बाहेर आला. तो पुसून टाकण्याऐवजी तसाच ठेवला गेला आणि 1961मध्ये ते गाणं गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच फाटका आवाज ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम काढता येईल असं सर्किट जुळवलं. 1962 साली गिब्सन कंपनीने ते 'मायस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणलं. सुरुवातीला त्याला फारसं कुणी विचारलं नाही. मग 1965मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'ची सुरावट त्यावर वाजवली आणि दुकानांत फझ शिल्लक राहीना. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये गोल चकतीसारखं 'फझ फेस' आलं, जे जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली अजरामर झालं. साठचं दशक सरता सरता न्यूयॉर्कहून 'बिग मफ' आलं.

या सगळ्या डब्यांच्या पोटात घडतं ते एकच. गिटारच्या पिकअपमधून येणारी विजेची लाट व्होल्टच्या काही दशांशांएवढी असते. पेडल तिला कितीतरी पटींनी फुगवतं. पण ट्रान्झिस्टरला चालवणारी बॅटरी फार तर नऊ व्होल्टची असते आणि बिग मफसारख्या पेडलमध्ये वाटेत डायोडही बसवलेले असतात. सिलिकॉनचा डायोड साधारण 0.6 ते 0.7 व्होल्टच्या वर लाटेला जाऊच देत नाही, जर्मेनियमचा त्याच्याही आधी, 0.3 व्होल्टच्या आसपास अडवतो. वर झेपावणाऱ्या लाटेचा शेंडा असा सपाट छाटला जातो. गोलसर लाट चौकोनी होते.

आणि चौकोनी झालेली लाट एकटी राहत नाही. गिटारची पाचवी तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला 110 वेळा कंप पावते. तिच्यात 220, 330, 440, 550 असे उपस्वर मुळातच असतात, पण वरचे वरचे क्षीण होत जातात. शेंडा छाटला की हे वरचे उपस्वर एकदम बळावतात. आवाजाची दाटी ती हीच. शिवाय जोरात छेडलेली तार आणि विझत चाललेली तार, दोघींच्या लाटा त्याच उंचीला छाटल्या जातात, म्हणून स्वर जणू विझतच नाही. इथपर्यंत सगळं सुंदर आहे. एकच स्वर असेल तर फझ त्याच्या पटीतलेच स्वर जन्माला घालतं, परका कुणी येत नाही.

दुसरी तार आली की गणित बदलतं. पिकअप सगळ्या तारांची कंपनं एकाच लाटेत मिसळून पेडलला देतो. आता छाटली जाते ती ही मिसळलेली लाट. अशी लाट छाटली की दोन्ही स्वरांच्या पटींखेरीज त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येऊ लागतात. सा 110 धरला आणि त्याच्यावर पंचम 165 वाजवला, तर सा-ची दुप्पट वजा पंचम, म्हणजे 55 हा खालचा खर्जाचा सा निघतो. पंचमाची दुप्पट वजा सा, म्हणजे 220 हा वरचा सा. फझ फेससारख्या पेडलमध्ये लाटेच्या वरच्या आणि खालच्या बाजू सारख्या छाटल्या जात नाहीत, त्यामुळे दोघांची साधी बेरीजही ठळक निघते. ती येते 275. हा चक्क शुद्ध गंधार आहे! वाजवले दोन स्वर, आणि तिसरा आपण होऊन उभा राहिला. रॉकवाले सा आणि पंचमाच्या जोडीला पॉवर कॉर्ड म्हणतात आणि कितीही गेनवर ती बिनधास्त वाजवतात, त्यामागचं कारण हे. तिच्या पोटातून येणारी सगळी प्रजा 55च्या पटीतली, एका घरातली असते. गिटारच्या पडद्यांवर पंचम 164.81 एवढा येतो, म्हणजे शुद्ध पंचमापेक्षा केसभर खाली, पण एवढ्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते गंधाराशी. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. त्यामुळे 110च्या सा-वरचा गंधार तिथे 138.59 येतो. शुद्ध गंधार हवा 137.5. हा फरक साध्या, स्वच्छ आवाजात आपले कान पोटात घालतात. फझ घालत नाही. शुद्ध गंधार असता तर त्याची दुप्पट वजा सा हे उत्तर 165 आलं असतं, म्हणजे बरोब्बर पंचम. पडद्यावरच्या गंधारामुळे ते येतं 167.18. आता कॉर्डमधला खरा पंचम 164.81वर वाजतोय आणि त्याच्या अगदी अंगाला घासून 167.18चा हा उपरा उभा आहे. दोघांच्या भांडणातून सेकंदाला दोनाहून जास्त हेलकावे ऐकू येतात. त्याच वेळी सा-चा पाचवा उपस्वर 550वर आणि गंधाराचा चौथा 554.36वर एकमेकांशी झगडतात. अशा डझनावारी जोड्या एकाच वेळी घुमतात. तोच तो चिखल. पेडल स्वस्त आहे की महाग, यावर तो फारसा अवलंबून नसतो. तारा आधी मिसळल्या आणि मग छाटल्या, एवढ्यातच त्याचं बीज आहे.

आता मिरजेला येऊ. 1850च्या सुमारास तिथल्या फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. हे घराणं मुळात शस्त्रांच्या कामातलं. तलवारींचे दिवस सरत आले होते आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडे गाण्याबजावण्याची कदर होती. शस्त्र पाजळणारे हात वाद्याकडे वळले आणि त्या हातांतून शिकत शिकत एक अख्खी गल्ली वसली. मंगळवेढा-पंढरपूर भागातून मोठाले कडू भोपळे येतात, ते वाळवून, कापून, दांडी आणि तबली जोडून तानपुरा उभा राहतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते अगदी योग्य झालं. पण भोपळा कितीही सुरेख असो, तानपुऱ्यात जीव येतो तो शेवटी, जवारी काढताना.

हे काम जवळून बघण्यासारखं असतं. गिटारची तार खालच्या बाजूला एका अरुंद कडेवर टेकते, तिथून ती सुटते आणि संपते. तानपुऱ्याची घोडी तशी नसते. तिचा माथा दोन-तीन बोटं रुंद, हाडाचा किंवा शिसवीचा, आणि दिसायला सपाट. प्रत्यक्षात त्याला इतका हलका उतार दिलेला असतो की डोळ्यांपेक्षा बोटालाच तो आधी कळावा. कारागीर कानशीने दोन हात फिरवतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा दोन हात. चुकून जास्त घासलं गेलं तर परत घालता येत नाही. मग येतं सूत. तार आणि घोडी यांच्या मध्ये सुताचा एक धागा सरकवतात. धागा चुकीच्या जागी असेल तर तार ठप्प बोलते, लाकडासारखी. बोटाने तो किंचित पुढे, किंचित मागे सारत नेला की एका जागी अचानक तार उमलते. तीच तार, तोच स्वर, पण आता त्याच्यातून झणझणीत, चमकदार उपस्वरांची सर बाहेर पडते, वरचे स्वर एकामागून एक पुढे येतात आणि मागे सरतात. त्या जागेपासून धागा नखभर हलला तरी सगळं मावळतं.

होतं काय, तर कंप पावणारी तार प्रत्येक खेपेला त्या हलक्या उतारावर थोडी लपेटली जाते आणि पुन्हा सुटते. म्हणजे तारेची लांबीच प्रत्येक कंपनात बारीकशी कमी-जास्त होत राहते. पृष्ठभागाला असं घासत, स्पर्शत जाताना खालच्या उपस्वरांमधली ऊर्जा वरच्या उपस्वरांकडे वाहते. ही खरखर फझच्याच जातीची आहे. जेवढी ऊर्जा आत गेली तेवढ्याच प्रमाणात साधेपणाने बाहेर न येता ती नवे स्वर घेऊन येते.

हे कोडं सी. व्ही. रामन यांना गप्प बसू देईना. प्रकाशाच्या विकिरणावर त्यांना नोबेल मिळायच्या बऱ्याच आधी, कोलकात्यात असताना, ते वाद्यांच्या मागे लागले होते. तानपुरा आणि वीणा यांच्यावरचा त्यांचा छोटा निबंध 1921 सालचा आहे. तारेबद्दल एक जुना, यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम होता. ज्या जागी तार छेडली, त्या जागी ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो, ते उपस्वर त्या आवाजात नसायला हवेत. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सम उपस्वर गायब व्हायला हवेत. रामन यांनी तानपुऱ्यावर ऐकलं तर ते हजर! त्यांनी दाखवून दिलं की याचं मूळ घोडीच्या त्या रुंद माथ्यात आणि सुताच्या धाग्यात आहे. पाठ्यपुस्तकातला नियम ज्यांनी कधी वाचला नव्हता, त्या कारागिरांनी तो मोडायची युक्ती हातात ठेवली होती. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता मूळ प्रश्न. तानपुऱ्यात एवढी खरखर, एवढे उपस्वर, आणि चार तारा एकमेकींच्या नादावर नाद चढवत वाजत असतात. मग चिखल का होत नाही? कारण चारही तारा एकाच घोडीवरून जात असल्या तरी प्रत्येकीची घासण्याची जागा वेगळी आणि प्रत्येकीचा धागा वेगळा. प्रत्येक तार आपापली खरखरते, आपल्याच पटीतले उपस्वर काढते, आणि मग तबलीवर, भोपळ्यात, हवेत त्या सगळ्या मिसळतात. आधी खरखर, मग मिसळण. नंतर मिसळलेल्या स्वरांची नुसती बेरीज होते, त्यातून परक्या वजाबाक्या जन्माला येत नाहीत. फझ पेडलमध्ये हाच क्रम उलटा असतो, आणि सगळा फरक त्या क्रमाचा आहे.

शिवाय तानपुरा पडद्यांवर नव्हे, कानावर लागतो. जुन्या जाणत्यांनी ज्याला स्वयंभू गंधार म्हटलं, तो षड्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर. सा 110 असेल तर 550, आणि तो दोन सप्तकं खाली आणला तर 137.5. गिटारच्या पडद्याने चुकवलेला तोच तो गंधार! तानपुऱ्यात कुणी तो लावलेला नसतो, जवारी तो उजेडात आणते. शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना 1895 साली कोल्हापूर दरबारी आणलं आणि या गावात जयपूर-अत्रौली गायकी रुजली. पुढे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्यांनी ती गायकी दूरवर नेली. त्या गायकीतले बारीक, वळणदार आलाप सुरात बसतात ते दोन तानपुऱ्यांमधून झरणाऱ्या याच उपस्वरांवर. मिरजेला राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ तर तानपुरा जुळवण्यासाठी प्रसिद्धच होते. 1937मध्ये ते गेले, पण मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या आठवणीत आजही गाणं होतं.

फझ आणि जवारी यांचं नातं मी उगाच जोडत नाही, ते इतिहासातच जुळलेलं आहे. 1965 साली यार्डबर्ड्स या इंग्रज बँडने 'हार्ट फुल ऑफ सोल' या गाण्यासाठी स्टुडिओत सतारवादक बोलावला होता. पण सतार त्या गाण्यात हवी तशी उठून दिसेना. शेवटी जेफ बेकने ती सुरावट गिटारवर, फझ लावून वाजवली, आणि लोकांनी ती सतारीसारखीच ऐकली. जवारीचा आवाज हवा होता आणि तो फझमध्ये सापडला. एकाच तारेवरची सुरावट होती, म्हणून ते जमलं. 1967 साली कोरल कंपनीने इलेक्ट्रिक सतार बाजारात आणली, तिने सरळ घोडीचाच रस्ता धरला. तारा रुंद माथ्याच्या घोडीवर घासत वाजायच्या, आवाज झणझणायचा आणि कॉर्डमधले स्वरही वेगवेगळे ओळखू यायचे.

सगळ्यात मजेशीर उत्तर जपानमधून आलं. रोलँड कंपनीने 1977च्या आपल्या गिटार सिंथेसायझरपासून सहा तारांसाठी सहा स्वतंत्र पिकअप वापरले आणि 1980च्या जीआर-300मध्ये प्रत्येक तारेला वेगळा फझ मिळाला. सहा तारा, सहा फझ, मिसळण सगळ्यात शेवटी. त्यावर कितीही गेन ठेवून कसलीही कॉर्ड वाजवावी, प्रत्येक स्वर आपल्या जागी उभा राहतो. सतारमेकर गल्लीतला माणूस हे वाचून म्हणेल, "मग आम्ही दुसरं काय करतो?"

सतारीत तर गेनचा खटकाही घोडीतच असतो. खुली जवारी म्हणजे भरपूर झणझणाट, बंद जवारी म्हणजे आवरलेला, गोलाकार, गळ्याच्या जवळ जाणारा आवाज. पंडित रविशंकरांची सतार खुल्या जवारीची, उस्ताद विलायत खाँसाहेबांची बंद जवारीची. दोन्ही थोर, आणि दोन्हीत एकेक मींड स्पष्ट.

सहा स्वतंत्र पिकअप सगळ्यांना परवडत नाहीत. पण क्रमाचं तत्त्व एकदा कळलं की साध्या पेडलमध्येही काय शोधायचं ते कळतं. मिसळलेल्या लाटेत सगळ्यात मोठा असतो तो खर्ज, आणि छाटणीत तोच बाकीच्यांना आपल्यामागे फरफटवतो. म्हणून छाटण्याच्या आधी खर्ज कमी करणारं पेडल स्वर जास्त स्वच्छ ठेवतं. इबानेझच्या ट्यूब स्क्रीमरमध्ये 720 हर्ट्झच्या खाली गेन उतरत जातो, तिची स्वच्छता बरीचशी तिथून येते. तशीच एखादी गोष्ट फझच्या आधी लावली तरी फरक पडतो. छाटल्यानंतर मात्र मधले स्वर शाबूत हवेत. बिग मफचा टोन मधोमध ठेवला की 1000 हर्ट्झच्या आसपासचा भाग खोल बसतो, एकट्याने ऐकायला तो मखमली वाटतो आणि बँडमध्ये गिटार गायब होते. काही पेडलांवर मूळ स्वच्छ आवाज पुन्हा मिसळायचा खटका असतो. तो मला सगळ्यात शहाणा वाटतो, कारण न छाटलेल्या लाटेत स्वरांचे आरंभ शाबूत राहतात.

गिटारवरचं आवाजाचं बटण थोडं मागे आणणं हीसुद्धा मोठी विद्या आहे. फझ फेससारखी पेडलं थेट गिटारला जोडली तर बटण पाव फिरवताच आवाज आश्चर्यकारक निवळतो. त्यांच्या आणि गिटारच्या मध्ये दुसरं पेडल आलं तर हा गुण बराचसा मारला जातो. जर्मेनियमची जुनी पेडलं मात्र उष्णतेला हळवी असतात, एप्रिल-मेच्या दुपारी त्यांच्या ट्रान्झिस्टरमधून विजेची गळती वाढते आणि सकाळी गोड वाटलेला आवाज बदलतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सिलिकॉनच बरं. आणि ज्या गाण्यात गंधार सतत वाजणार आहे, तिथे ती तार केसभर उतरवून लावावी. एडी व्हॅन हेलन आपली दुसरी तार अशीच किंचित उतरवून ठेवत असे.

पेडल घ्यायला जाल तेव्हा दुकानदार एका तारेवरची झगमगीत सुरावट वाजवून दाखवेल. ती ऐकून पैसे देऊ नका. स्वतः गिटार हातात घ्या, सहाव्या तारेच्या पाचव्या पडद्यावर सा धरा, पाचव्या तारेच्या चौथ्या पडद्यावर गंधार धरा, गेन पूर्ण चढवा आणि दोन्ही तारा एकदम सोडा. मग पाचवी तार हळूहळू उतरवत न्या. चांगलं पेडल असेल तर एका जागी हेलकावे थांबतात आणि तुम्ही न वाजवलेला पंचम तिसरा स्वर म्हणून खणखणीत उभा राहतो. तो पंचम ज्या पेडलमध्ये स्पष्ट ऐकू येईल, ते घ्या.